‘ढ’ या एका अक्षराचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य मला लाभले नाही. परंतु त्यांनी घडवलेले कितीतरी विद्यार्थी पुढे महाविद्यालयात माझ्या वर्गात येऊन बसले आणि त्यांच्या शुद्ध, वळणदार अक्षरावरून ते कोणाच्या शाळेतले हे मी न विचारता ओळखत असे. त्या नात्याने हे निमंत्रण मी स्वीकारले. मी संतवाङ्मयावर किंवा गोमंतकातील मराठीच्या परंपरेवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. उभा जन्म मी तेच शिकवले. तथापि पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर उभे राहून मागे पाहताना एक वेगळाच विषय मला टोचत राहिला आहे, आणि तो आज मांडावा असे मी ठरवले आहे. माझा विषय आहे एक अक्षर. ते अक्षर म्हणजे ‘ढ’.

प्रबंधाच्या निमित्ताने जुन्या पोथ्या चाळताना अक्षरांच्या वळणांचा छंद मला जडला. आपली देवनागरी ब्राह्मी लिपीतून शतकानुशतके घडत आली. अशोकाच्या शिलालेखांतील ‘क’ किंवा ‘म’ आज आपल्यापुढे ठेवला, तर तो आपल्यापैकी बहुतेकांना ओळखू येणार नाही. ‘ढ’ मात्र त्या काळापासून जवळजवळ जसाच्या तसा राहिला. बाकीची अक्षरे पुढे गेली, हे जागचे हलले नाही. म्हणून वर्गात जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’, अशी या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. आपल्या भाषेने एका मुलाचे संपूर्ण भवितव्य एका अक्षरात बसवून टाकले. चतुराईचे काम आहे, आणि निर्दयही.

ज्या मुलांना आपण ‘ढ’ म्हटले, ‘खुळा’ म्हटले, ‘मुका’ म्हटले, त्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही. आज वैद्यकशास्त्र त्यांच्यापैकी अनेकांविषयी ‘मेंदूच्या जडणघडणीशी निगडित विकार’ असे म्हणते. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता, अतिचंचलता, वाचादोष, मेंदूचा पक्षाघात, अपस्मार ही त्यातील काही नावे. ही मुले नव्याने जन्माला येऊ लागली असे समजण्याचे कारण नाही. ती पूर्वीही होती, आपल्या पेडण्यात होती, डिचोलीत होती. बदलत गेली ती आपली त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी. आज जो इतिहास सांगायचा आहे तो त्या दृष्टीचा आहे.

शाळेआधीचा काळ

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके नव्या काबिजादींतले. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ते पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादींत सरकारी शिक्षणाचा जो काही प्रसार झाला, तो इकडे फारच विरळ होता. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, हिंदूंवरील निर्बंध सैल झाले आणि त्यानंतर गावोगावच्या लोकांनी आपल्या हिमतीवर मराठी शाळा काढल्या. मी पहिली अक्षरे गिरवली ती १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात, पेडणे तालुक्यातील एका देवळाच्या सभामंडपात. मास्तर तेरेखोल नदीच्या पलीकडून, सावंतवाडीच्या बाजूने आलेले होते. त्यांचे जेवण वाड्यावरच्या घरांत पाळीपाळीने असे.

त्या शाळेत ज्याला शिकणे जमत नसे, तो काही दिवसांनी यायचा बंद होई. तो गुरे राखायला जाई, नांगराच्या मागे उभा राही. त्याला कोणी ‘ढ’ म्हणत नसे, कारण ज्या रांगेत तो मागे पडावा अशी रांगच तेव्हा उभी झाली नव्हती. जुन्या काळाची ही सावली काहींना सुखाची वाटेल. पण त्या सावलीत काय काय झाकले गेले, तेही मला सांगितले पाहिजे.

आमच्या वाड्यावर माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असा एक मुलगा होता. तो बोलत नसे. उन्हाळ्यात काजूच्या बिया पडवीत एकापुढे एक मांडून तो त्यांची ओळ करी. दिवसभर त्याचे हेच चाले. कोणी पाय लावून ओळ मोडली, तर तो आकांत करी. शिगम्याचे ढोल वाजू लागले, की दोन्ही कानांवर हात दाबून तो माजघराच्या कोपऱ्यात जाऊन बसे. आम्ही मुले ती ओळ मुद्दाम मोडत असू, हे आज कबूल करतो. त्याच्या आईने ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले, कौल लावला, सांगतील ते नेमधर्म केले. या उपायांची मी टवाळी करणार नाही. दवाखाना कोसभर दूर आणि तिथेही या दुखण्याला नाव नाही, अशा वेळी त्या माउलीला दार उघडे होते ते देवळाचेच. पण गावातील बायका कुजबुजत, की गरोदरपणी हिने ग्रहण पाळले नसणार. तो मुलगा सतरा-अठरा वर्षांचा असताना तापाने गेला. त्याची आई पुढे पुष्कळ वर्षे जगली. मी सुट्टीत गावी गेलो, की शिकलासवरलेला म्हणून ती मला विचारी, ‘‘बाबा, माजां काय चुकलां?’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. उत्तर त्या वेळी जगात अस्तित्वात आले होते, परंतु ते आमच्या वाड्यापर्यंत पोचले नव्हते.

शाळा आली आणि ‘ढ’ जन्मला

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. २० डिसेंबर १९६३ रोजी भाऊसाहेब बांदोडकरांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि अल्पावधीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उभ्या राहिल्या. आपल्या दोन तालुक्यांच्या इतिहासात या घटनेइतकी मोठी घटना मला दुसरी दिसत नाही. माझ्यासारख्या कुळाच्या मुलाला प्राध्यापक होता आले ते त्यामुळेच. पण सगळ्या मुलांना एका वर्गात, एका वयाला, एका पुस्तकापुढे बसवले, की कोण मागे राहतो हे प्रथमच उघडे पडते. शाळा आली, रांग आली, आणि रांगेबरोबर तिच्या शेपटीला उभा असलेला ‘ढ’ही आला.

हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. पुढच्या दोन दशकांत वर्गात न टिकणाऱ्या मुलांचा प्रश्न इतका मोठा झाला, की त्यांना ओळखून वेगळी मदत देण्यासाठी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी १९०५ साली पहिली बुद्धिमापन कसोटी तयार केली. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे हे मत बिने यांना मुळीच मान्य नव्हते. त्यांची कसोटी मदतीसाठी होती. पुढे इतरांनी ती शिक्का मारण्यासाठी वापरली. मराठी मुलांपर्यंत ही कसोटी आली ती धारवाडच्या वि. वि. कामत यांच्यामुळे. त्यांनी ती कानडी आणि मराठी मुलांसाठी घडवली आणि १९४० साली त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘बिने-कामत कसोटी’ हे नाव पुढे अनेक दशके भारतातील मानसशास्त्रज्ञांच्या तोंडी राहिले. परक्या भाषेतील प्रश्नांनी आपल्या मुलांची बुद्धी मोजता येत नाही, ही जाणीव त्या कामाच्या मुळाशी होती. ती आजही विसरण्याजोगी नाही. आपल्याकडील मूल घरी कोकणी बोलते, प्राथमिक शाळेत मराठी किंवा कोकणी शिकते आणि माध्यमिक शाळेत इंग्रजीला सामोरे जाते. ते नवख्या भाषेमुळे अडखळते आहे, की त्याला वाचनाचीच मूलभूत अडचण आहे, हे पारखल्याखेरीज कोणताही निर्णय करणे अन्यायाचे होईल.

माझा एक अपराध

आता ज्या कारणासाठी हा विषय मी निवडला, तेथे येतो. १९७०च्या दशकात, महाविद्यालयात रुजू होण्यापूर्वी, काही वर्षे मी एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवत असे. माझ्या वर्गात डिचोलीकडचा एक मुलगा होता. त्याचे वडील खाणीवर कामाला होते. मुलगा चलाख होता. हिशेब तोंडी करी. रात्री पाहिलेल्या दशावतारी नाटकातील संवाद दुसऱ्या दिवशी वर्गात हावभावांसह म्हणून दाखवी. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, नट उत्स्फूर्त बोलतात. तरीही या मुलाच्या कानात ते सारे जसेच्या तसे साठून राही. पण वही पुढे आली, की तो बदलून जाई. ‘गरम’चे तो ‘मगर’ लिही, वेलांट्या उलट्या देई, जोडाक्षर आले की थांबे. पुस्तकातील एक परिच्छेद वाचायला त्याला अर्धा तास लागे.

मी असे ठरवून टाकले, की हा आळशी आहे, आणि नाटके पाहून बिघडला आहे. एवढा हुशार मुलगा वाचू शकत नाही याचा दुसरा अर्थ मला दिसलाच नाही. एके दिवशी मी त्याला फळ्यापाशी बोलावले, मोठा ‘ढ’ काढायला लावला आणि वर्गाला सांगितले, ‘‘हे एक अक्षर मात्र याला बरोबर येते.’’ वर्ग हसला. मीही हसलो. दुसऱ्या आठवड्यापासून तो मुलगा शाळेत आला नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी मी विल्यम प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांच्या एका टिपणाविषयी वाचले. ते टिपण १८९६ सालचे आहे. त्यात चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाचे वर्णन आहे. मुलगा हुशार होता, आकडे सराईतपणे वाचत होता, मोठे गुणाकार बिनचूक करत होता. पण स्वतःचे नाव लिहितानाही त्यातील अक्षरांची अदलाबदल करी. शिक्षण सगळे तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत होते. हे वाचून मी पुस्तक मिटले. पर्सीच्या शिक्षकाला १८९६ साली जे दिसले, ते मला १९७०च्या दशकात दिसले नव्हते. अज्ञान हे माझे एकट्याचे नव्हते, हे खरे. परंतु तो खडू माझ्या हातात होता.

विज्ञानाच्याही चुका

आता वाड्यावरच्या त्या काजूच्या बियांकडे वळू. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. माणसांशी संबंध जोडण्यातील अडचण, ठरलेल्या क्रमाचा हट्ट, आवाजाची भीती, भाषेचे वेगळेपण, असे त्यांचे स्वरूप होते. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांनी तशाच प्रकारच्या मुलांविषयी लिहिले. आणि या दोघांच्याही आधी, १९२०च्या दशकात, मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेव्हा यांनी असे वर्णन केले होते. या स्थितीला आपण मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतो. भाषेचा अभ्यासक म्हणून या शब्दाविषयी माझी एक तक्रार आहे. ‘मग्न’ होणे ही आपल्याकडे योग्याची, भक्ताची अवस्था; त्यातून असे ध्वनित होते, की मूल आपखुशीने आत जाऊन बसले आहे. वस्तुस्थिती तशी नाही. दाराशी ते उभे असते. कडी कशी काढावी हे त्याला आणि आपल्यालाही शिकावे लागते.

पण याहून मोठी गोष्ट पुढची. कॅनर यांच्यानंतर सुमारे दोन दशके पाश्चात्त्य वैद्यकातील एक मोठा प्रवाह असे मानत राहिला, की मूल असे होते ते आईच्या थंडपणामुळे. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड यांनी हे मत खोडून काढणारा ग्रंथ लिहिला, तरी १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांच्या ग्रंथाने आईवरचा तोच आरोप पुन्हा लोकप्रिय केला. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकल रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या अवस्थेत आनुवंशिकतेचा मोठा वाटा असल्याचे दाखवून दिले. म्हणजे आमच्या वाड्यावरच्या बायका ‘हिने ग्रहण पाळले नाही’ असे कुजबुजत होत्या, त्याच काळात परदेशांतील विद्वान ‘हिने माया केली नाही’ असे छापत होते. भाषा निराळी, आरोपी मात्र एकच. हा इतिहास ठाऊक असला म्हणजे खेड्यातील अडाणीपणाला हसण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

कायद्याच्या भाषेनेही असाच प्रवास केला. ब्रिटिश हिंदुस्थानातील १९१२च्या कायद्यात ज्याची बुद्धी वाढली नाही तो आणि ज्याला वेड लागले तो, या दोघांची गणना एकाच शब्दात होत असे. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यांना वेगळे केले. १९९५च्या अपंगत्वविषयक कायद्यात सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. २०१६च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात एकवीस प्रकार झाले आणि माझ्या त्या विद्यार्थ्याची अडचण, म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता, त्यांत प्रथमच समाविष्ट झाली. त्याला वर्गात हसल्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी!

आपल्या दारात

आपल्या गोव्यात या मुलांसाठी झालेल्या कामाचा विसर पडता कामा नये. पर्वरी येथील संजय केंद्रासारखी विशेष शाळा, फोंड्याच्या परिसरातील लोकविश्वास प्रतिष्ठानचे काम आपणांस परिचित आहे. १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संगाथ’ ही संस्था गोव्यात स्थापन केली, तेव्हा मुलांचा विकास हा तिच्या आरंभीच्या कामाचा एक प्रमुख भाग होता. पुढे डॉ. नंदिता डिसोझा यांनी उभ्या केलेल्या ‘सेतू’ या संस्थेने याच क्षेत्रात काम केले.

२०११-१२ साली देशातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची घरोघर जाऊन पाहणी झाली. हिमाचल प्रदेशातील कांगडा, हरियाणातील पलवल, ओडिशातील ढेंकनाल, हैदराबाद आणि आपले दोन्ही तालुके ज्यात येतात तो उत्तर गोवा, ही ती पाच ठिकाणे. एकूण ३,९६४ मुले तपासली गेली. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. सहा वर्षांखालील मुलांत सुमारे ९ टक्के, आणि सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत सुमारे साडेतेरा टक्के मुलांना यांपैकी एक तरी अडचण असल्याचे आढळले; त्यांत दृष्टी आणि श्रवण यांचे दोषही धरलेले आहेत. ठिकाणाठिकाणी प्रमाणात मोठा फरक होता. तरीही शिक्षकांनी एक साधा हिशेब मनाशी करावा: चाळीस मुलांच्या वर्गात अशी चार-पाच मुले असू शकतात. जन्मताच बाळ उशिरा रडणे, अपुऱ्या दिवसांचा किंवा कमी वजनाचा जन्म, नवजात अवस्थेतील आजार, मेंदूचा संसर्ग, खुंटलेली वाढ यांच्याशी या अडचणींचा संबंध त्या पाहणीत दिसून आला. त्यांपैकी बऱ्याच गोष्टी चांगल्या प्रसूतिसेवेने आणि पोषणाने टाळता येण्याजोग्या आहेत.

दुसरे एक काम मला त्याहून मोलाचे वाटते. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे पासष्ट स्वमग्न मुलांच्या कुटुंबांबरोबर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली आले. तज्ज्ञ डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांना मुलाशी खेळता-बोलताना त्याच्या कलाने कसे जावे हे शिकवले. ज्यांना ते शिकवले, त्या आईबापांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद अधिक जुळता झाला आणि मुलेही आपण होऊन संवाद साधू लागली. त्यामुळे मुले बरी झाली, असा दावा कोणी केला नाही. परंतु जिच्यावर दोन्हीकडून आरोप झाला, तीच आई येथे उपचाराची पहिली सहकारी ठरली. आमच्या वाड्यावरच्या त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते: तुझे काही चुकले नव्हते, बाय.

समारोप

पंचतंत्राच्या आरंभीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. अमरशक्ती राजाचे तीन पुत्र शास्त्राभ्यासात मंद होते. विष्णुशर्म्याने त्यांना दोष दिला नाही. त्याने शिकवण्याची पद्धत बदलली आणि गोष्टी सांगितल्या. विद्यार्थ्याला कळत नसेल तर रीत बदलायची आहे ती गुरूने, हे तत्त्व आपल्या परंपरेत इतके जुने आहे. आणि तरी फळ्यापाशी उभे असताना मला ते आठवले नाही.

या शाळेकडे आणि तिच्या माजी विद्यार्थ्यांकडे माझे मागणे मोठे नाही. दोन वर्षांचे मूल बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ असे म्हणून वर्षे घालवू नका. आरोग्य केंद्रात न्या, आधी कान तपासून घ्या. वर्गातील चलाख मूल वाचनात अडखळत असेल, तर त्याला तोंडी विचारून पाहा. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांच्या ज्या सवलती मिळतात, त्या मिळवून द्या आणि त्यांना कोणी ‘दया’ म्हणू नये याची काळजी घ्या. पेडण्याच्या एका टोकाच्या गावातून आईला मुलासह दोन बस बदलून पर्वरीला किंवा बांबोळीला जावे लागते आणि तिचा दिवसाचा रोज बुडतो. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्याकडे वाहन आहे, वेळ आहे, त्यांनी हा प्रवास सोपा केला, तरी गुरुजींचे खरे स्मारक होईल.

माझा तो विद्यार्थी मला पुन्हा एकदा दिसला. बारा-पंधरा वर्षांमागे एका जत्रेत दशावतार चालू होता. संकासुराच्या सोंगात एक प्रौढ नट असे काही बोलत होता, की मंडप हसून लोटपोट झाला होता. आवाज मी ओळखला. खेळ संपल्यावर मी पडद्यामागे गेलो. त्याने तोंडाचा रंग पुसला, मला ओळखले आणि वाकून नमस्कार केला. मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, ‘‘सर, तुम्ही ते विसरून जावा.’’ स्वतः तो विसरला आहे, असे मात्र तो म्हणाला नाही.

गुरुजींच्या स्मृतीला वंदन करून मी येथेच थांबतो.